पॅलेस्टिनी विस्थापनावर कॉलेजच्या पोरांसाठी सत्र: मांडणी कशी करावी?

धंतोली_वाचक: नागपुरात रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) तीसेक पोरापोरींसाठी दीड तासाचं सत्र ठरून राहिलं आहे. रील पाहून सगळे हळहळतात, पण ही कुटुंबं कुठून कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही. भाषण नको. काय करता येईल? नंतर संविधान चौकात पोस्टर घेऊन उभं राहिलं तर चालेल का?

खडू_फळा: भाऊ, बाकं हलवता येतील असा हॉल घ्या आणि फरशीवर खडूने गाझा पट्टी काढा. लांबी 41 किमी. एका किमीला 10 सेंमी धरले की 4 मीटर 10 सेंमी होतात. रुंदी कुठे 60 सेंमी, तर दक्षिणेला 1 मीटर 20. 2023 मध्ये लोकसंख्या सुमारे 22 लाख होती, म्हणून 22 जण आत उभे करा, एक म्हणजे एक लाख. मध्याच्या थोडी वर वाडी गाझा या ओढ्याची आडवी रेघ, तिच्या उत्तरेला 11 जण. 13 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलने उत्तरेतल्या 11 लाखांना 24 तासांत दक्षिणेला जायला सांगितलं. तारीख वाचा, मग चालवा. सगळेच गेले नव्हते, म्हणून दोन-तीन जण मागेच ठेवा. पुढे तळाशी, दक्षिण टोकाच्या राफा शहरात, 14 जण गोळा करा. मे 2024 मध्ये त्यातल्या सुमारे दहा जणांना पुन्हा हलायचं आहे, अल-मवासीची किनारपट्टी आणि खान युनिस शहराकडे.

हे बिघडतं ते राफाच्या दाटीत. धक्काबुक्की होते, हशा पिकतो आणि त्याचा खेळ होऊन जातो. दाटी झाली की हालचाल थांबवा आणि बाहेर उरलेल्यांना पुढची तारीख वाचायला लावा.

जुनी_नोंद: फक्त 2023 पासून सुरू केलं तर मुद्दाच हातचा जाईल. गाझातली दोन तृतीयांश माणसं 1948 मध्ये इस्रायल स्थापन होताना घर सुटलेल्या निर्वासितांच्या घरातली. उत्तर गाझातल्या जबालिया छावणीतून निघालेलं कुटुंब बहुतेक वेळा आधीच एकदा उठलेलं असतं. 1948 मध्ये 7 लाखांहून जास्त, 1967 च्या युद्धात आणखी सुमारे 3 लाख. आज संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे 59 लाखांच्या आसपास नोंदी आहेत, पण त्यात मुलं-नातवंडंही येतात. हे सांगितलं नाही तर पोरं 7 आणि 59 ची बेरीज करून मोकळी होतात.

7 ऑक्टोबर 2023 चा हमासचा हल्ला गाळू नका: सुमारे 1200 ठार, 251 ओलीस. तो गाळला की पहिला प्रश्न तोच येतो आणि उरलेला वेळ वादात जातो.

धंतोली_वाचक: गोसेखुर्द धरणात गावं गेली त्याचं उदाहरण देऊ का? कुही, पवनीकडची पोरं आहेत.

जुनी_नोंद: द्या, पण फरक सांगूनच. गोसेखुर्दचा माणूस गाव गेलं तरी भारताचा नागरिकच राहतो, मोबदल्यासाठी इथल्याच कोर्टात जातो. 1948 च्या कुटुंबांना परतीची वाटच बंद झाली. संयुक्त राष्ट्रांच्या डिसेंबर 1948 च्या ठराव 194 मध्ये परत जाऊ देण्याचं म्हटलं होतं, अंमल झाला नाही.

सदर_सायकल: कॉलेजात प्राचार्यांची लेखी परवानगी पुरे. चौकात उभं राहायचं तर आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. शहरात जमावबंदी लागू आहे का तेही तिथेच विचारून घ्या. मदतपेटी ठेवू नका ना बाप्पा, वर्गणीला धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. पोस्टरवरचा प्रत्येक फोटो मूळचा कुठला ते आधी रिव्हर्स इमेज सर्चने शोधून पाहा, सीरियाचे जुने फोटो गाझाचे म्हणून फिरत असतात.