‘वनाच्छादन’ म्हणजे जंगल का?

सुरंगी (डिचोली)
शाळेच्या पर्यावरण मंडळासाठी भित्तिपत्रक करतेय, त्यात एक शब्द अडलाय. ‘गोव्याचा साठ टक्के भाग जंगलाने व्यापलेला आहे’ हे वाक्य आपण नेहमी वाचतो. सरकारी मजकुरात त्याच आकड्यापुढे ‘वनाच्छादन’ असतं. आणि शेजारच्या रकान्यात ‘वनक्षेत्र’ म्हणून जेमतेम 33 टक्के. वन, जंगल, रान हे शब्द बोलताना आपण सरमिसळ वापरतो, पण इथे शब्द बदलला की आकडा जवळजवळ निम्मा होतो. मुलांना काय सांगू?

कुंभयो (वाळपई)
सुरंगीताई, दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

‘वनक्षेत्र’ हा कागदाचा शब्द. ज्या जमिनीची सरकारदरबारी वन म्हणून नोंद आहे ती जमीन, मग तिच्यावर आज झाड असो की उघडा कातळ.

‘वनाच्छादन’ हा उपग्रहाचा शब्द. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून ते ठरवते. निकष असा: किमान एक हेक्टर जागा, आणि तिच्या 10 टक्क्यांहून जास्त भागावर झाडांचं छत्र. सूर्य बरोबर डोक्यावर असताना झाडांची सावली जमिनीचा जेवढा भाग झाकेल, तेवढं छत्र. जमीन कुणाची, झाड कुठलं, लावलेलं की आपसूक उगवलेलं, हे त्या व्याख्येत येतच नाही. 2021 च्या अहवालात गोव्याच्या 3,702 चौरस किलोमीटरपैकी 2,244 चौरस किलोमीटर, म्हणजे 60.62 टक्के, वनाच्छादन दाखवलंय. नोंदीतलं वनक्षेत्र राज्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. याचा अर्थ, वन म्हणून नोंद नसलेल्या जमिनीवरही आपल्याकडे मोठं छत्र आहे. त्यात खाजगी रान आहे, काजूच्या बागा आहेत, भाटांतले माड आहेत, कुळागरं म्हणजे पोफळी-मसाल्यांच्या मिश्र बागा आहेत, खाडीकाठची खारफुटीही आहे.

आमच्या सत्तरी तालुक्यात हा फरक पायांना कळतो. काजूच्या बागेत शिरलात तर खाली जमीन दिसते. हंगामाआधी सगळं झुडूप कापून साफ केलेलं असतं, नाहीतर पडलेले बोंडू सापडणार कसे? वरती छत्र उत्तम, खाली रोपटं एकही नाही. तिथून पुढे माट्टी, किंदळ, नाणो यांच्या रानात जा. दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. गुडघ्याएवढी रोपं, कमरेएवढी झुडपं, वेली, त्यावर मधल्या उंचीची झाडं, मग शेंडे. पुढच्या पिढीचं रान खालीच तयार होत असतं. वन परिसंस्थेचा अभ्यास करणारे म्हणूनच नुसतं छत्र मोजून थांबत नाहीत. आखलेल्या चौकटीत रोपं, खोडांचे घेर आणि जातींची संख्याही मोजतात. उपग्रहाला वरून दोन्हीकडे हिरवंच दिसतं. देशव्यापी मोजणीत वापरलेल्या चित्रांचा एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटरचा असतो. त्यात काजू की किंदळ हे ओळखणं सोपं नाही.

माझं मत स्पष्ट आहे: ‘वनाच्छादन’चं भाषांतर ‘जंगल’ असं करणं चूक आहे, आणि ती चूक रानाला महागात पडते. रान तोडून काजू लावला तरी साठाचा आकडा हलत नाही. लोक म्हणतात, बघा, काही कमी झालं नाही.

पोफळ (काणकोण)
मग ‘वृक्षाच्छादन’ म्हणावं. आमचं कुळागर कुणी वन म्हणून मोजलं तर आम्हालाही पटत नाही. पण झाडांनी झाकलेलं आहे हे मात्र खरं.

कुंभयो (वाळपई)
शब्द चांगला आहे, पण त्याच अहवालात तो आधीच दुसऱ्या अर्थाने गुंतलाय. नोंदीतल्या वनक्षेत्राबाहेरचे, एक हेक्टरपेक्षा लहान झाडांचे पुंजके आणि सुटी झाडं म्हणजे ‘वृक्षाच्छादन’. तो वापरला तर गोंधळ वाढेल.

माट्टी (फोंडा)
न्यायालयाचा मुद्दा जोडतो, कारण तिथेही सगळं शब्दार्थावरच आलं. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1980 च्या वन संवर्धन कायद्यातला ‘वन’ हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्यायचा, मालकी कुणाचीही असो. मग गोव्यातलं खाजगी वन ओळखायला निकष लागले, आणि सावंत व करापूरकर समित्यांचं काम त्यावर झालं. आपल्याकडचा निकष असा: झाडांपैकी 75 टक्के वनातल्या जातींची, छत्र किमान 40 टक्के, आणि जागा दुसऱ्या वनाला लागून नसेल तर किमान 5 हेक्टर. म्हणजे एकच डोंगर वनाच्छादनात धरला जाईल, पण खाजगी वन ठरणार नाही, असं होऊ शकतं.

‘जंगल’ शब्दाबद्दलही एक. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. आयुर्वेदात तो ‘आनूप’ म्हणजे पाणथळ प्रदेशाच्या विरुद्ध येतो. पावसात चिंब असणाऱ्या आपल्या घाटाला तो शब्द मुळात लागूच नव्हता. ‘रान’ म्हणावं तर देशावर ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतावर गेलाय. गोव्यात मात्र रान म्हणजे रानच. त्यामुळे मुलांसाठी मी ‘रान’ निवडेन, आणि देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्याला ‘राय’. सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय मुलांना जरूर दाखवा. रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे तिथे. चिखलातून श्वास घेणारी मुळं गुडघ्यासारखी वर आलेली दिसतात. टक्केवारीत ती एका ठिपक्याएवढी, पण तसं दुसरं ठिकाण सहज सापडायचं नाही.

पोफळ (काणकोण)
आणि सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार? त्यावर छत्र नाही, म्हणून तो झुडपी नाहीतर थेट ‘पडीक’ होतो. पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं ही रानफुलं फुलतात तेव्हा पडीक म्हणायला जीभ वळत नाही. भित्तिपत्रकात सड्याला वेगळी जागा द्या, ताई.

सुरंगी (डिचोली)
देते. मथळ्याखाली असं लिहीन: ‘गोव्याची सुमारे 60 टक्के जमीन झाडांच्या छत्राखाली आहे. यात रान, काजू, माड, कुळागर, खारफुटी सगळं आलं.’ त्याखाली ‘वनाच्छादन’ आणि ‘वनक्षेत्र’ यांचे अर्थ एकेका ओळीत. शेजारी दोन चित्रं, काजूच्या बागेतली जमीन आणि रानातली जमीन. खालची रोपं मुलांनी स्वतः मोजायची.