'फर्निचर्स', 'इक्विपमेंट्स' : मोजता येतात, तरी अनकाउंटेबल का?

प्रश्न

एका निविदेचा इंग्रजी मसुदा तपासायला आलाय. त्यात 'फर्निचर्स', 'इक्विपमेंट्स', 'मशिनरीज' असे शब्द पानोपानी आहेत. मी तिन्हींचा शेवटचा 'स' उडवला, तर सहकारी म्हणतात, "मॅडम, खुर्च्या आणि कपाटं मोजूनच घ्यायची आहेत ना? मग अनकाउंटेबल कसं?" शाळेतला नियम पाठ आहे, पण त्यांना पटेल असं उत्तर सुचत नाही. कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद

'स' उडवलात ते योग्यच. घोळ त्या 'अनकाउंटेबल' नावाचा आहे. त्यामुळे वस्तूच मोजता येत नाहीत असं वाटतं. खुर्च्या खुशाल मोजा, फक्त 'फर्निचर' हा शब्द आकड्याला जोडता येत नाही. हा गुण शब्दाचा, लाकडाचा नाही.

सहकाऱ्यांना मराठीतूनच पटवा. शेंगदाणे आपण 'भाजले' म्हणतो आणि साबुदाणा 'भिजवला'. दाणे दोन्हींचे सुटे, दोन्ही वेचून मोजता येतील, पण एक अनेकवचनात आणि दुसरा एकवचनात. पोहे 'झाले', उपमा 'झाला'. तांदूळ 'निवडले', ज्वारी 'निवडली'. ज्वारीचा दाणा मोजायला काही फार अवघड नाही! इंग्रजीतही गहू म्हणजे 'व्हीट' एकवचनी आणि 'ओट्स' मात्र अनेकवचनी. भाषेने कधीतरी ठरवून टाकलं, एवढंच.

आणखी एक गंमत. वाटाण्याला जुन्या इंग्रजीत 'पीज' असा एकवचनी शब्द होता, आपल्या साबुदाण्यासारखा. शेवटचा उच्चार अनेकवचनाचा वाटला म्हणून लोकांनी तो काढून टाकला आणि सतराव्या शतकात एकटा 'पी' जन्माला आला.

प्रतिसाद

वरच्या उत्तरात थोडी भर. मराठीत हा भेद असूनही इंग्रजीत आपण का अडखळतो? कारण मराठीत तो शब्दाच्या शेपटाला असतो. 'थोडं पाणी, थोडे आंबे.' 'पाणी कमी पडलं, खुर्च्या कमी पडल्या.' 'थोडा' आणि 'कमी' तेच राहतात, वचन दाखवायचं काम प्रत्यय आणि क्रियापद करतात. 'किती' तर अजिबातच बदलत नाही, किती दूध आणि किती अंडी. इंग्रजी विशेषणाला वचनाची शेपटी नाही, म्हणून तिथे अख्खा शब्दच बदलतो: 'मच' आणि 'मेनी', 'लिटल' आणि 'फ्यू', 'लेस' आणि 'फ्यूअर'. आपल्या एका 'किती'चे तिकडे दोन तुकडे होतात आणि कुठला कुठे लावायचा ते दर वेळी आठवावं लागतं.

'लेस-फ्यूअर'चा नियम (मोजता न येणाऱ्याला 'लेस', मोजता येणाऱ्याला 'फ्यूअर') वाटतो तितका पुराणा नाही, बरं का. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' लावायची चाल नवव्या शतकात, आल्फ्रेड राजाच्या काळापासून सापडते. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने 'अशा ठिकाणी मला फ्यूअर अधिक बरं वाटतं' अशा अर्थाचं मत मांडलं, आणि पुढच्या व्याकरणकारांनी त्या आवडीचा नियम करून टाकला. २००८ साली ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केटने झटपट रांगेवरची '१० आयटम्स ऑर लेस' ही पाटी या वादापायी बदलून 'अप टू १० आयटम्स' अशी केली. निविदेत मात्र नियम पाळा. तिथे हौस नको.

प्रतिसाद

मराठीमुळे चुका होतात हे अर्धंच खरं. सल्ले, पुरावे, दागिने, पैसे, केस हे आपल्याकडे अनेकवचनी, म्हणून 'ॲडव्हायसेस', 'एव्हिडन्सेस', 'ज्वेलरीज', 'हेअर्स' होतं, हे मान्य. पण 'माहिती'चं अनेकवचन मराठीत तरी कुठे आहे? 'माहित्या' कोणी म्हणत नाही, तरी 'इन्फॉर्मेशन्स' लिहिणारे ढिगाने भेटतात. 'सामान' तसंच, तरी 'लगेजेस'. मला वाटतं, इंग्रजीत 'स' लावला की अनेकवचन हा एकच नियम इतका पक्का घोटलेला असतो की मग तो हाताला लागेल त्या शब्दाला लावला जातो.

उसन्या शब्दांची वाट अजून वेगळी. 'चिकन' मराठीत फक्त ताटात येतं, अंगणात फिरते ती कोंबडी. इंग्रजीत दोन्हींना 'चिकन'च. मांस असेल तर मोजायचं नाही आणि पक्षी असेल तर 'टू चिकन्स'.

प्रतिसाद

माझी जुनी शंका इथेच विचारतो. फर्निचर म्हणजे अनेक वस्तू एकत्र. मग ते कलेक्टिव्ह नाउन का नाही, 'टीम'सारखं?

प्रतिसाद

काका, कसोटी सोपी आहे. 'टू टीम्स' चालतं, 'टू फर्निचर्स' चालत नाही. 'टीम', 'कमिटी', 'फॅमिली' हे समूहवाचक खरे, पण समूह स्वतः मोजता येतात. आपल्याकडे जुडगा आणि जुडगे, थवा आणि थवे, तसंच. फर्निचरच्या आत वस्तू कितीही असोत, शब्दाच्या दृष्टीने तो एक सलग ढीग. (मराठी व्याकरण या बाबतीत सुटसुटीत आहे: समूहवाचक आणि पदार्थवाचक ही दोन्ही सामान्यनामाच्याच पोटात.)

समूहवाचकांची खरी डोकेदुखी क्रियापद. मराठीत शब्दाचं लिंगवचन बघितलं की संपलं: वऱ्हाड आलं, पंगत उठली, लोक पांगले. इंग्लंडमधल्या इंग्रजीत 'द कमिटी इज' आणि 'द कमिटी आर' दोन्ही चालतात. मंडळ एक म्हणून बोललं तर 'इज', सदस्य आपापसांत भांडत असले तर 'आर'. अमेरिकेत बहुधा 'इज'च. क्रिकेटच्या समालोचनात 'इंडिया आर बॅटिंग' ऐकतो ती ब्रिटिश चाल. तिथे इंडिया म्हणजे देश नव्हे, अकरा जण. 'पोलीस' मात्र दोन्हीकडे अनेकवचनीच, 'द पोलीस आर'.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. 'शेंगदाणे भाजले, साबुदाणा भिजवला' ऑफिसात सांगितलं, लगेच पटलं. आता एक सांगा, आकडा लिहायचाच असेल तर कसा लिहू? आणि त्याच मसुद्यात 'सिव्हिल वर्क्स' आहे, त्याचाही 'स' काढू का?

प्रतिसाद

नका काढू! 'वर्क' म्हणजे काम, श्रम, ते अनकाउंटेबल. पण 'वर्क्स' म्हणजे बांधकामं, पूल, रस्ते. 'पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट'मधला 'वर्क्स' तोच. 'गुड्स' आणि 'प्रिमायसेस' यांनाही हात लावू नका, त्या अर्थाने ते अनेकवचनातच वापरतात. आणि हिशेबाच्या पुस्तकातलं 'फर्निचर अँड फिक्स्चर्स' हे शीर्षक सहकाऱ्यांना दाखवा: एकाला 'स' नाही, शेजारच्याला आहे. 'फिक्स्चर' (जागेला पक्की बसवलेली वस्तू) हा शब्द आकड्याला जोडता येतो.

आकड्यासाठी 'आयटम्स ऑफ इक्विपमेंट', 'पीसेस ऑफ फर्निचर'. त्याहून चांगलं म्हणजे वस्तूचं नावच लिहा: अमुक 'चेअर्स', अमुक 'कबर्ड्स'. 'मशिनरीज'च्या जागी 'मशीन्स'. निविदेत नेमकेपणा हवाच असतो, आणि पुरवठादारालाही मग पळवाट राहत नाही.