डोलत्या बोटीवर कुकर कसा लावायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं शिडाच्या बोटीने कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघालो आणि सध्या आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या केप व्हर्दे बेटांच्या मिंडेलो बंदरात आहोत. पुढे अटलांटिक ओलांडून बार्बाडोस, साधारण २००० सागरी मैल. वारा पाठीमागून, त्यामुळे बोट सतत डावी-उजवीकडे लोळते. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली आहे, पातेलं सांडत नाही; पण कुकरमधली डाळ हिंदकळून शिट्टीत अडकते आणि पिवळं पाणी थेट छतावर! ते पुसताना स्वतःला एका हाताने धरून ठेवावं लागतं, ते वेगळंच.

गॅस मोजकाच, म्हणून कुकर सोडायचा नाहीये. डाळ भिजवून, डब्यात झाकून ठेवली आणि एका शिट्टीनंतर कुकर टॉवेलात गुंडाळला, तर नीट शिजेल का? भाताला समुद्राचं पाणी किती घालता? लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणून चार वाट्या गोड्या पाण्याला एक वाटी असं धरलंय. खारट होईल का?

कांदे जाळीत टांगलेत, तरी खालचे मऊ पडताहेत, त्यावरही काही उपाय असेल तर सांगा. (माशांची चिंता नाही, उडणारे मासे सकाळी डेकवर आयते मिळतात.)

शनिवारी निघतोय, तोवर कळवा प्लीज.