डॉक्युमेंटेशन साइटला डार्क मोड पहिल्या दिवसापासून हवाच, असं माझं म्हणणं. तुमचं?

रात्रपाळी
टीममध्ये यावरून गेल्या आठवड्यात चांगलीच जुंपली म्हणून इथे टाकतोय. आमच्या प्रॉडक्टच्या डॉक्सची नवीन साइट चाललीय, मटेरियल फॉर एमकेडॉक्स या डॉक्सच्या साइट बनवायच्या टूलवर. वरच्या लोकांचं म्हणणं, आधी कंपनीचा नारिंगी रंग हेडर, लिंका, बटणं सगळीकडे बसवा, डार्क मोडचं नंतर बघू. आणि 'नंतर बघू' म्हणजे काय ते इथे सगळ्यांना माहितीय.

मी सपोर्टला आहे, रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा. तीन वाजता फ्लोअरवरचे अर्धे दिवे बंद असतात, टर्मिनल काळा, एडिटर काळा, लॉग बघायचा डॅशबोर्ड पण काळा, आणि एक एरर कोड शोधायला डॉक्सचं पान उघडलं की कुणीतरी तोंडावर टॉर्च मारल्यासारखं होतं. परत टर्मिनलवर आलं की दोन-चार सेकंद नीट दिसतच नाही. असं एका शिफ्टमध्ये तीस-चाळीस वेळा. डॉक्स वाचणारा माणूस निवांत वाचत बसलेला नसतो हो, काहीतरी बंद पडलेलं असतं तेव्हाच तो तिथे येतो.

तांत्रिक अडचणही राहिलेली नाही. सफारी, फायरफॉक्स, क्रोम तिघांनीही २०१९ मध्येच प्रेफर्स-कलर-स्कीम दिलंय, म्हणजे माणसाने सिस्टीमला काय निवडलंय ते साइटला आपोआप कळतं. एमकेडॉक्समध्ये स्लेट नावाची गडद स्कीम तयार आहे, कॉन्फिगमध्ये थोड्या ओळी टाकायच्या. मग नंतर कशाला?

शाईची_दौत
साफ असहमत. मी अकरा वर्षं टेक्निकल रायटर आहे आणि 'थोड्या ओळी टाकायच्या' हे वाक्य ऐकलं की मला पुढचे तीन महिने दिसायला लागतात.

आमच्याकडे असंच कुणीतरी एका दुपारी डार्क मोड चालू करून दिला. होमपेज झकास दिसलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने एका ग्राहकाच्या इंजिनिअरचा फोन, की कुठला पोर्ट कशाला जोडायचा ते तुमच्या आकृतीत दिलेलंच नाही. मी म्हटलं असं कसं, मीच काढलीय ती. पान डार्कमध्ये उघडलं तर राउटर आणि फायरवॉलचे रंगीत डबे तेवढे अधांतरी, मधल्या काळ्या रेघा सगळ्या गायब! पीएनजीचं बॅकग्राउंड ट्रान्सपरंट होतं, त्यामुळे काळ्यावर काळं. पोर्टचे नंबर पण काळ्या अक्षरात, तेही गेले. अशा दोनशेच्या वर आकृत्या निघाल्या आणि त्या एकेक उघडून तपासायचं काम कुणावर आलं ते सांगायला नको.

डार्क मोड देणं म्हणजे दुसरी साइट सांभाळणं आहे. प्रत्येक स्क्रीनशॉट, प्रत्येक कोड ब्लॉक, 'धोका'वाली लाल चौकट, सगळं दोनदा बघायचं. मजकूर जुना झालेला असताना मी रंगावर वेळ घालवणार नाही. वाचकाला बरोबर माहिती आधी, अंधार-उजेड मागाहून.

रात्रपाळी
ताई, आकृत्यांचं पटतंय, पण त्याला उपाय आहे ना. एमकेडॉक्समध्ये चित्राच्या लिंकला ओन्ली-लाइट, ओन्ली-डार्क जोडून दोन चित्रं देता येतात, डॉक्युसॉरस या तशाच दुसऱ्या टूलमध्ये त्यासाठी थीम्डइमेज आहे. नाहीतर आकृतीची एसव्हीजी, म्हणजे कोडमध्ये लिहिलेलं चित्र, करून रेघांना करंटकलर द्यायचा, रेघ आपोआप अक्षराचा रंग घेते.

कोपऱ्यातला_डेव्ह
करंटकलरबद्दल एक दुरुस्ती. एसव्हीजी इनलाइन, म्हणजे थेट पानाच्या कोडमध्येच लिहिलेली, असेल तरच ते चालतं. वेगळी फाइल म्हणून इमेज टॅगमधून आणली की पानाच्या अक्षरांचा रंग तिच्यापर्यंत पोचत नाही, रेघा काळ्याच राहतात. यात बऱ्याच जणांचा अख्खा दिवस जातो. सगळ्यात सोपं म्हणजे आकृतीच्या मागे पांढरी पाटी आणि थोडं पॅडिंग द्यायचं. दिसायला फार सुंदर नाही, पण एकही रेघ हरवत नाही.

आता कंपनीच्या रंगाचं, कारण मला खरा प्रश्न तिथे दिसतोय. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून केलेले नियम, त्यात आहे की साध्या मजकुराचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. एफएफ९९३३ या कलर कोडचा नारिंगी घ्या. पांढऱ्यावर त्याचा रेशो साधारण २.१ येतो, म्हणजे त्या रंगाची लिंक दिवसाढवळ्याच वाचता येत नाही. तोच १२१२१२ या गडद करड्यावर ८.८ च्या आसपास जातो. उलट जुन्या ब्राउझरचा लिंकवाला निळा, ००००ईई, पांढऱ्यावर ९.४ आणि त्याच करड्यावर जेमतेम २. एकच रंग दोन्हीकडे चालवायचा हट्ट धरला की एक बाजू मरतेच. प्रत्येक स्कीमला वेगळी छटा हवी आणि ती नुसत्या डोळ्यांनी न ठरवता आकडा काढून ठरवायची. तेव्हा वरच्यांना सांगा, नारिंगी हेडरच्या पट्टीत ठेवा आणि त्यावरची अक्षरं काळी करा, लिंकांना लावू नका.

सिलिंडर_नंबर
माझी बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितेय. मला दोन्ही डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे. काळ्यावर पांढरी अक्षरं वाचायला गेले की प्रत्येक अक्षराभोवती धुरकट कडा येते, एका ओळीची सावली दुसऱ्या ओळीवर पडल्यासारखी, आणि दहा मिनिटांत कपाळ दुखायला लागतं. कारण साधं आहे, समोर उजेड कमी की बाहुली मोठी होते आणि बाहुली मोठी झाली की नजरेतला दोष जास्त जाणवतो. पांढऱ्या पानावर ती बारीक होते, अक्षर धारदार दिसतं.

हल्ली कित्येक टूल्सची डॉक्स नुसती काळी असतात, बदलायचं बटणच नाही. मी तो मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून वाचते, खरंच सांगते. रात्रपाळीवाल्यांना त्रास होतो हे मान्य आहे, पण 'डार्क म्हणजे डोळ्यांना आराम' हे सगळ्यांच्या नावाने सांगू नका. माझ्या डोळ्यांना नाही.

रात्रपाळी
नाही नाही, सक्ती करा असं मी कुठेच म्हणत नाहीये. तीन पर्याय हवेत, सिस्टीमप्रमाणे, उजेड, अंधार, आणि निवडलेलं लक्षात राहिलं पाहिजे. डॉक्युसॉरस वापरणाऱ्यांनी बघा, तिथे रिस्पेक्ट-प्रेफर्स-कलर-स्कीम डिफॉल्टला बंद असतं, ते हाताने चालू करावं लागतं. पण तुमचं नोटपॅडचं वाचून वाईट वाटलं, ते मी टीममध्ये सांगणार आहे.

खतदुकान_सॉफ्टवेअर
आमचं प्रकरण वेगळं आहे म्हणून लिहितो. आम्ही खत-बियाणं विकणाऱ्या दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो आणि मदतीची पानं मराठीत आहेत. वाचणारा दुपारी काउंटरवर उभा, शटर उघडं, ऊन मोबाईलवर, स्क्रीनवर बोटांचे डाग. अशा वेळी काळं पान म्हणजे आरसा, त्यात स्वतःचा चेहरा दिसतो, जीएसटीचा आकडा दिसत नाही. म्हणून आम्ही डिफॉल्ट उजेडच ठेवला.

दुसरं म्हणजे देवनागरी. इंग्रजी मजकुरावर तपासलेली डार्क थीम मराठीला जशीच्या तशी लावली आणि फसलो. शुद्ध पांढरी अक्षरं शुद्ध काळ्यावर टाकली की ती फुगल्यासारखी दिसतात, 'ष', 'क्ष', 'द्ध' यांच्या पोटातली जागा भरून जाते, शिरोरेषा एकमेकींत मिसळून पट्टा तयार होतो. आम्ही मुक्ता फॉन्ट वापरतो, त्यात सात वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीचे सात प्रकार, आहेत. डार्कमध्ये मीडियमवरून रेग्युलरवर आलो, अक्षर पांढऱ्याऐवजी फिकट करडं केलं, मागचं काळं थोडं वर उचललं आणि ओळींमधलं अंतर वाढवलं. तेव्हा कुठे रफार आणि अनुस्वार वेगळे कळायला लागले. मराठीत डॉक्स करणाऱ्यांनी 'शुद्धलेखन' आणि 'वर्षाखेर' हे दोन शब्द डार्कमध्ये लहान साइजला बघा, लगेच समजेल.

बॅटरी_वाचवा
बॅटरीचा मुद्दा कुणी घेतलाच नाही? डार्कमुळे फोन जास्त चालतो, एवढं एकच कारण पुरेसं आहे.

कोपऱ्यातला_डेव्ह
तेवढं सरसकट नाही. ओलेड स्क्रीनवर काळा पिक्सेल बंद असतो म्हणून वीज वाचते, साध्या एलसीडीला मागचा दिवा चालूच असतो. ओलेडवरसुद्धा पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला बचत फक्त ३ ते ९ टक्के आली, पूर्ण ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७ टक्के. आणि रात्री पूर्ण ब्राइटनेस ठेवतंय कोण.

रात्रपाळी, एक गोष्ट मात्र आधी तपासा. निवड लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्येच, ठेवता आणि ती वाचणारी स्क्रिप्ट पानाच्या शेवटी असेल तर प्रत्येक नवीन पान आधी पांढरं चमकतं आणि मग काळं होतं. तुमच्यासारख्या माणसाला ते सरळ पांढऱ्या पानापेक्षा वाईट. ती दोन ओळींची स्क्रिप्ट पानाच्या कोडच्या सुरुवातीला, हेडमध्येच इनलाइन हवी, पान रंगायच्या आधी चालली पाहिजे. शिवाय सीएसएसमध्ये कलर-स्कीम डार्क लिहा, नाहीतर स्क्रोलबार आणि सर्चची चौकट पांढरीच राहते.

शाईची_दौत
सगळं वाचलं. माझं मत हललेलं नाही, पण थोडं सरकलंय. तपासायला माणूस न देता डार्क मोड चालू करणं हे मी वाचकाची फसवणूकच मानते, कारण त्या इंजिनिअरला कळलंच नव्हतं की चित्रात काही कमी आहे. रेघ दिसत नाही म्हणजे रेघ नाहीच, असं त्याने धरलं आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. रंगाचं काम आणि तपासणीचं काम एकाच तिकिटात, म्हणजे कामाच्या एकाच नोंदीत, असेल तरच माझा होकार.

रात्रपाळी
मान्य. तिकिटात तसंच लिहितो आणि आकृत्या तपासायला मी स्वतःचं नाव टाकतो, पहाटे चार ते पाच कॉल कमी असतात तेव्हा बसेन. सगळ्या एकदम होणार नाहीत. ताई, तुम्ही असतात तर कुठल्या पानांपासून सुरुवात केली असती? इन्स्टॉलेशन?

शाईची_दौत
इन्स्टॉलेशन लोक दिवसा करतात. ट्रबलशूटिंगपासून घ्या, आणि त्यातही वायरिंगच्या आकृत्या पहिल्या.