रीफ टँक (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) सहा आठवड्यांचा, पाणी पिवळट. ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) आत्ताच टाकू का?

डोंबिवली_निमो

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे सात वर्षं सांभाळलेत, समुद्राच्या वाटेला पहिल्यांदाच गेलेय. टाकी ३ फूट बाय दीड बाय दीड, खाली छोटा संप (फिल्टरची जोडटाकी), सगळं धरून साधारण १८० लिटर पाणी. सायकल (अमोनिया खाणारे बॅक्टेरिया टाकीत बसण्याचा काळ) पूर्ण झाली आहे: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०. दोन क्लाउनफिश, एक टोडस्टूल लेदर, थोडे हिरवे मशरूम आणि झोअँथसचा लिंबाएवढा तुकडा (तिन्ही कोरल, म्हणजे प्रवाळ), एवढाच संसार.

समोरून पाणी स्वच्छ दिसतं, पण बाजूच्या काचेतून आरपार बघितलं की फिक्या चहासारखं. त्यात टोडस्टूल चार दिवस मिटून बसलाय, अंगावर मेणचट पापुद्रा. दुकानदार म्हणतो, अर्धा किलो कार्बन टाका. ज्याच्याकडून झोअँथस घेतले तो म्हणतो, नव्या टाकीत कार्बन टाकलात तर बॅक्टेरिया उपाशी मरतील आणि सायकल परत पहिल्यापासून. आणि सासूबाई (माहेर मालवणचं) म्हणतात, विकत कशाला आणतेस, करवंट्या जाळून देते. कोणाचं ऐकू?

खारा_काका

तिघांत सासूबाई सगळ्यांत जवळ आहेत! बाजारातला बराच कार्बन करवंटीचाच असतो. पण चुलीतल्या कोळशावर काम भागत नाही. त्याला आठशे-हजार अंशांवर वाफ देऊन आतून पोखरतात, तेव्हा एका ग्रॅममध्ये हजारेक चौरस मीटर पृष्ठभाग तयार होतो. म्हणजे चिमटीत दहा गुंठे. डोंबिवलीत कोणाकडे आहेत सांगा! त्यांना म्हणावं, करवंट्या बंबालाच ठेवा. आणि वापरलेला कार्बन ओव्हनमध्ये भाजून ताजा होतो असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

बॅक्टेरियाची काळजी नको. ते दगडावर राहतात आणि अमोनियावर जगतात. कार्बन अमोनियाला हात लावत नाही, नायट्रेटलाही नाही. तो धरतो ती पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण. तुमचा चहा तिचाच आहे. शिवाय टोडस्टूल आणि मशरूम एकमेकांवर जी विषं सोडतात तीही धरतो. ही मंडळी दिसायला शांत, पण चाळीतली भांडणं बरी. सॉफ्ट (मऊ) कोरल एकत्र ठेवणार असाल तर कार्बनचा खरा उपयोग तिथे आहे.

मात्र अर्धा किलो अजिबात नको. २०१४ साली माझ्या पहिल्या टाकीत मी अख्खं पाकीट ओतलं होतं, तेही न धुता. आधी काळा धूर. दोन दिवसांनी पाणी इतकं लख्ख की टाकी रिकामी वाटावी. मी खूश. तिसऱ्या दिवशी मशरूम सुपारीएवढे आक्रसले, चौथ्या दिवशी पांढरट पडले. पिवळं पाणी गॉगलसारखं असतं, बराचसा निळा प्रकाश गिळतं. गॉगल एकदम काढला आणि लाइट तसाच पूर्ण ताकदीवर ठेवला. चूक कार्बनची नव्हती, माझ्या घाईची होती.

तुम्ही ३० ग्रॅमपासून सुरुवात करा, चहाचा अर्धा कप भरेल एवढा. आदल्या रात्री आरओ-डीआयच्या (क्षार काढलेल्या) पाण्यात भिजवा. सोडा फोडल्यासारखा चुरचुर आवाज येईल, ती आतली हवा. सकाळी पाणी नितळ येईपर्यंत धुवा. भुकटी टाकीत जाऊ देऊ नका, टँग माशांच्या डोक्यावर खड्डे पडतात त्याच्याशी तिचा संबंध जोडला जातो. मग बारीक जाळीच्या पिशवीत घालून संपमध्ये अशा जागी दाबून बसवा की पाण्याला तिच्यातूनच जावं लागेल. कोपऱ्यात लोंबकळत ठेवलेली पिशवी शोभेची. लाइट साठ टक्क्यांवर आणा आणि दोन आठवड्यांत हळूहळू पूर्ववत करा. तीन-चार आठवड्यांनी कार्बन बदला.

टोडस्टूल मात्र कात टाकतोय. त्याच्यावर प्रवाह थोडा वाढवा, पापुद्रा आपोआप निघेल. बोटाने सोलू नका.

स्किमर_भक्त

काकांशी निम्मा सहमत. दोन मासे आणि तीन कोरलांच्या टाकीत दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की पिवळेपणा तसाही कमी होतो. मी कार्बन महिन्यातून एक आठवडा ठेवतो, बाकी वेळ डब्यात. आणि पाकीट उघडलं की आधी चमचाभर कार्बन ग्लासभर आरओ-डीआयच्या पाण्यात रात्रभर ठेवून फॉस्फेट तपासा. काही स्वस्त कार्बन स्वतःच फॉस्फेट सोडतात. मग शेवाळ का आलं म्हणून इथेच धागा काढाल.

औषध घालायची वेळ आली तर कार्बन आधी बाहेर काढायचा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो.

जाता जाता: झोअँथसचा दगड हातमोजे घालूनच हाताळा आणि कधीही उकळू नका. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, वाफेतून अख्खं घर आजारी पडू शकतं. आणि पुढे दगडी प्रवाळांचा मोह झाला तर, ते २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित आहेत. दुकानदार हे सांगत नाही.

डोंबिवली_निमो

नऊ दिवसांनी अपडेट. ग्लासातला फॉस्फेट शून्य आला, म्हणून ३० ग्रॅम टाकला. चुरचुर ऐकायला मुलगा बादलीला कान लावून बसला होता. तिसऱ्या दिवशी बाजूच्या काचेतून पलीकडचा हीटरचा आकडा वाचता आला. टोडस्टूलचा पापुद्रा परवा रात्री निघाला, ओल्या टिश्यू पेपरसारखा संपच्या गाळणीच्या मोज्यात अडकलेला सापडला. आज सगळी बोटं बाहेर आहेत. मशरूम जरा आखडलेत, पण रंग तोच आहे. लाइट सत्तरवर.

आता एकच प्रश्न. काढलेला कार्बन सासूबाई तुळशीच्या कुंडीत घालायला मागतायत. देऊ का?

खारा_काका

नका देऊ, त्यात समुद्राचं मीठ आहे. तुळस गेली तर खापर टाकीवर फुटेल.