मकरपुऱ्यातल्या कामगारांसाठी नैराश्याची प्रश्नावली: लॅटिनो अभ्यासातून काय घ्यावं?

मांडवी_वाचक: समाजकार्याच्या प्रबंधासाठी अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, स्थलांतरितांवर वाचतेय. त्याच धर्तीवर बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या खानदेशी कामगारांची पाहणी करायची आहे. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत करून घेतली तर चालेल? नवखे आणि गरीब लोक जास्त आजारी असणार, असं गृहीतक धरलंय.

सयाजी_०७: ते गृहीतक आधी काढा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो परगण्यात मेक्सिकन वंशाच्या ३,०१२ प्रौढांची पाहणी झाली, १९९८ साली छापून आली. आयुष्यात कधीतरी मानसिक विकार झालेले लोक मेक्सिकोत जन्मलेल्यांत २४.९ टक्के निघाले, अमेरिकेत जन्मलेल्यांत ४८.१. शिकलेले कमी, मिळकत कमी, तरीही! नव्याने आलेल्यांत तर आणखी कमी. प्वेर्तो रिकन लोकांत मात्र हा फरक तितका दिसत नाही, म्हणून 'लॅटिनो' असा एकच गठ्ठा करू नका. तुमच्या फॉर्मात जन्म कुठला, इथे येऊन किती वर्षं झाली, बायकामुलं सोबत आहेत की गावी, हे रकाने हवेतच.

विश्वामित्री: स्वतः भाषांतर करू नका, तपासून घेतलेली मराठी आवृत्ती वापरा. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले की नैराश्याचा संशय, ही रेषा मूळ शब्दांवर ठरलीय. शब्द हलले की तिला आधार राहत नाही. शिवाय ती चाळणी आहे, निदान नव्हे. लॅटिनो रुग्ण अशा त्रासाला 'नेर्व्हिओस' (शब्दशः 'नसा') म्हणतात. घरात भांडण किंवा वाईट बातमी आली की 'अताके दे नेर्व्हिओस', म्हणजे त्याचा झटका, येतो: आरडाओरडा, थरथर, छातीतून डोक्याकडे चढणारी उष्णता. २०१३च्या डीएसएम-५ या अमेरिकन मनोविकार-निदानाच्या ग्रंथात तो आपल्याकडच्या 'धात'च्या (वीर्य जातं म्हणून अशक्तपणा आल्याची तक्रार) शेजारीच नोंदलाय. 'निराश वाटतं का?' विचारलं तर आपला माणूस 'नाही' म्हणेल आणि मग जीव घाबरतो, डोकं जड होतं, असं सांगेल. म्हणून प्रश्नावलीआधी एक मोकळा प्रश्न ठेवा: 'हा त्रास घरच्यांना कसा सांगाल?' उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

कारेलीबाग_कट्टा: रात्रपाळी संपवून आलेल्यांना लगेच विचारू नका. तिसरा प्रश्न झोपेचा, चौथा थकव्याचा. गुण उगाच फुगतात. ठेकेदार जवळ नको. लेकरांना दुभाषी तर मुळीच करू नका, बाप मुलासमोर रडू आल्याचं कबूल करणार नाही. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही आलं, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच बैठकीत पुढचं विचारा, एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून द्या किंवा कारेलीबागच्या मानसिक आरोग्य रुग्णालयात सोबत जा. हे कोण करणार, ते पहिला फॉर्म भरण्याआधी गाइडकडून लेखी ठरवून घ्या.

मांडवी_वाचक: रकाने वाढवते. पाळीची वेळही नोंदवेन.