मदत हवी आहे: मुख्याध्यापकाने सहकाऱ्याच्या तासाला बसायला वेळ काढायचा कुठून?

नमस्कार मंडळी. जूनपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रभारी मुख्याध्यापक आहे. पहिली ते सातवी, आम्ही सहा जण. सातवीचा वर्गही माझ्याकडेच.

नव्याने लागलेल्या एक बाई सहावीला भिन्नछेद अपूर्णांक शिकवतायत. मुलं वरचे वर, खालचे खाली मिळवून मोकळी होतात: १/२ अधिक १/३ म्हणजे २/५. "सर, एकदा माझ्या तासाला बसाल का?" असं बाईंनी तीनदा विचारलं. पहिल्यांदा बसलो, तर दहाव्या मिनिटाला ग्रुपवर 'अत्यंत तातडीचे': आधार न जुळलेल्या मुलांची यादी. उठलो. दुसऱ्यांदा तांदळाची गाडी आली. तिसऱ्यांदा मीच 'उद्या बघू' म्हणालो. तेव्हापासून बाई विचारत नाहीत.

मग आठवडाभर माझा वेळ वहीत टिपला. यू-डायस (शाळेची माहिती सरकारी पोर्टलवर भरणं), पोषण आहाराची नोंद, व्हीसी म्हणजे वरिष्ठांच्या व्हिडिओ बैठका, केंद्रशाळेवर चकरा. सहकाऱ्यांशी शिकवण्याबद्दल बोललो ती सहा दिवसांत २२ मिनिटं, तीही खिचडी चाखताना.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत, असं आहे. आमच्याकडे ते दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर भरतात. व्हिडिओ चालू ठेवायचा, प्रमाणपत्र काढायचं. सहावीतलं २/५ जागच्या जागी. शिक्षण हक्क कायद्यात आठवड्याचे ४५ तास तयारीसकट धरलेत म्हणे, ती तयारी नेमकी कधी करायची?

माझ्यासारखे प्रभारी इथे बरेच असतील. ही वेळ तुम्ही कशी राखता? आणि तेवढ्यात आपला वर्ग कोण बघतं?

उत्तर १
सर, मीही चार वर्षं प्रभारी होते. अख्ख्या तासाचा हट्ट सोडा, वीस मिनिटं पुरतात. माझे मंगळवार-शुक्रवार ठरलेले. परिपाठ संपला की थेट वर्गात, फोन कपाटात. 'तातडीचं' बहुतेक दुपारपर्यंत थांबतं, मी थांबवून पाहिलंय. माझ्या मुलांचा तेव्हा वाचनाचा तास, शेजारच्या सरांचं लक्ष. ते बसायला गेले की त्यांच्या वर्गावर माझं.

लॉगबुक, म्हणजे पाहिलेल्या तासाचे शेरे लिहायची वही, मात्र नेऊ नका. ते हातात दिसलं की बाई तुमच्यासाठी शिकवतील, मुलांसाठी नाही.

आणि बेरजेआधी मुलांना पट्टीवर १/२ आणि २/५ शेजारी रंगवू दे. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे त्यांचं त्यांनाच खटकलं पाहिजे.

धागाकर्ता
पट्टीचं माझ्याही डोक्यात नव्हतं. बाईंना सांगत नाही, मंगळवारी दोघं मिळून करून बघू. या वेळी 'बसू का?' हे मी विचारणार. फक्त मंगळवारी सकाळीच व्हीसी लागली, तर तुम्ही काय करायचात?